रॅपरची मागची बाजू

बिस्किटांचा पुडा संपला की रॅपर चुरगळून कचऱ्यात जातं. ते जाऊ देऊ नका. सहावी-सातवीच्या मुलांना ग्राहकहक्क शिकवायचे असतील, तर सहा हक्कांची यादी पाठ करून घेण्याआधी प्रत्येकाच्या हातात एक रिकामं रॅपर द्यावं आणि ते उलटं धरायला सांगावं.

पुढच्या बाजूला कंपनीला जे सांगायचं असतं ते दिसतं आणि मागच्या बाजूला कायद्याने जे सांगायलाच लावलेलं असतं ते. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, कधी बनवलं, कधीपर्यंत खावं, तक्रार कुठे करावी. एवढ्याशा कागदावर एवढा मजकूर आणि तोही पाच रुपयांच्या मालासाठी! मला याचं अजूनही नवल वाटतं.

घटकपदार्थांच्या यादीपासून सुरुवात करावी. ही यादी वाट्टेल तशी लिहिता येत नाही. ज्याचं वजन सगळ्यात जास्त, त्याचं नाव पहिलं. मग उतरत्या क्रमाने बाकीचे. हा एक नियम कळला की मुलं हेरगिरीलाच लागतात. पुढे चित्रात टपोरे बदाम आहेत ना, मग यादीत बदाम कितव्या जागेवर आहे? साखर दुसरी-तिसरी दिसते. पण थोडं खाली इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज असंही लिहिलेलं सापडतं. तीही साखरेचीच भावंडं, फक्त वेगवेगळ्या रांगांत उभी राहिलेली.

मग येतात आकडे. ५००(ii), ३२२, ३३०. आकडा दिसला की ‘केमिकल’ म्हणून घाबरायची आपल्याला सवय आहे. पण ५००(ii) म्हणजे आजीच्या फडताळातला खायचा सोडा. ३३० म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिंबाला आंबटपणा देणारं. ३२२ म्हणजे लेसिथिन, बहुतेकदा सोयाबीनमधून काढलेलं. वाचता आलं की उगाचची भीतीही जाते आणि उगाचचा विश्वासही. मला वाटतं, ग्राहकशिक्षणाचं निम्मं काम इथेच होतं.

आता वजन. इथे मात्र घाई करू नये, कारण गणिताचा आणि नागरिकशास्त्राचा तास इथे एकत्र भरतो. पुड्यावर ७५ ग्रॅम छापलंय. काट्यावर ७३ भरले. फसवणूक झाली का? लगेच तसं म्हणता येत नाही. मिनिटाला शेकडो पुडे भरणारं यंत्र दर वेळी अचूक माप टाकू शकत नाही, हे कायद्यालाही ठाऊक आहे. म्हणून आवेष्टित वस्तूंच्या २०११च्या नियमांत किती फरक चालेल याचा तक्ताच दिलेला आहे. ५० ते १०० ग्रॅमच्या पुड्याला ४.५ ग्रॅमपर्यंत सूट आहे. पण उत्पादकाने या सुटीचा फायदा घेऊन प्रत्येक पुडा दोन ग्रॅम हलका भरायचं ठरवलं तर? ती वाटही बंद केलेली आहे. तपासायला घेतलेल्या पुड्यांची सरासरी छापील वजनापेक्षा कमी भरता कामा नये! शाळेत कंटाळत शिकलेली सरासरी इथे अशी पहाऱ्याला उभी असते.

म्हणून वर्गात एकाच बॅचचे दहा पुडे आणावेत, आधी रिकामं रॅपर तोलून ते वजन वजा करावं आणि मग सरासरी काढावी. एका पुड्यावरून आरडाओरडा करायचा नाही, दहा तोलल्याशिवाय बोलायचं नाही. बोलायची वेळ आली की गप्पही बसायचं नाही. ग्राहकाची जबाबदारी म्हणतात ती हीच, आणि ती हक्काच्या पोटातच असते. तिच्यासाठी वेगळा धडा लागत नाही.

एकदा नजर तयार झाली की ती बाजारभर फिरते. मिठाईच्या दुकानात खोक्याचं वजन मिठाईत धरता येत नाही. पेट्रोल पंपावर शंका आली तर पाच लिटरच्या प्रमाणित मापाने इंधन मोजून दाखवा, असं म्हणता येतं. दुकानातल्या काट्यावर वैधमापन विभागाची मुद्रा असते.

हे सगळं आपोआप आलेलं नाही. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी १५ मार्च १९६२ रोजी तिथल्या काँग्रेसपुढे ग्राहकांचे चार हक्क मांडले. म्हणून १५ मार्च हा जागतिक ग्राहक हक्क दिन. आपल्याकडे कायदा आला १९८६ साली, पण त्याच्या कितीतरी आधी बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली होती आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायतही सुरू झाली होती. कुटुंबांनी गट करून एकत्र खरेदी करायची, ही तिची साधी आणि भक्कम कल्पना. १९८६च्या कायद्याची जागा आता २०१९च्या कायद्याने घेतली आहे.

या नव्या कायद्यातलं एक कलम मुलांना मुद्दाम वाचून दाखवावं. तक्रार कोण करू शकतो हे सांगताना त्यात म्हटलंय की ग्राहक अल्पवयीन असेल, तर त्याच्या वतीने आईवडील किंवा कायदेशीर पालक तक्रार करू शकतात. म्हणजे बारा वर्षांची मुलगी कायद्याच्या लेखी ग्राहक आहे, मोठी होईपर्यंत थांबलेली कुणी नव्हे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि वकील द्यावाच लागतो असंही नाही. आधी नुसती चौकशी करायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

या सगळ्याला पुरावा मात्र लागतो. तेव्हा पुढच्या वेळी मुलाला दुकानात पाठवाल, तेव्हा पैशांबरोबर एवढंच सांगा: पुडा उलटा करून वाच, आणि बिल मागून घे.