मराठी अभिमानगीत: अमरावतीच्या कवीचे शब्द, ४६८ आवाज आणि शेवटच्या कडव्याचा वाद

अमरावती-अकोल्याच्या शाळा-कॉलेजांत २७ फेब्रुवारीला, म्हणजे मराठी भाषा गौरव दिनाला, हमखास ऐकू येणारं गाणं म्हणजे सुरेश भट यांचं मराठी अभिमानगीत. अनेकांना हेच राज्यगीत वाटतं. तसं नाही. राजा बढे यांचं 'गर्जा महाराष्ट्र माझा' हे २०२३ पासून राज्यगीत आहे. अभिमानगीत सरकारनं नाही, लोकांनी वर्गणी काढून उभं केलं.

गाण्याची गरज का पडली?

मुंबईतल्या खासगी एफएम वाहिन्यांवर तेव्हा मराठी गाणी जवळपास लागतच नव्हती. मराठी लावली तर वाहिनी 'डाऊनमार्केट' वाटेल, असं कारण संगीतकार कौशल इनामदार यांना ऐकवण्यात आलं. भांडत बसण्यापेक्षा कुणाला दुर्लक्ष करताच येणार नाही एवढं मोठं गाणं करायचं, असं त्यांनी ठरवलं. शब्द निवडले सुरेश भटांचे. १५ एप्रिल १९३२ रोजी अमरावतीत जन्मलेले भट २००३ मध्येच गेले होते.

रेकॉर्डिंगमध्ये वेगळं काय?

एका गाण्यासाठी ११२ नामवंत गायक आणि ३५६ जणांचा कोरस. हरिहरन, शंकर महादेवन, सुरेश वाडकर, अश्विनी भिडे-देशपांडे असे वेगवेगळ्या बाजाचे आवाज त्यात आहेत. खर्चासाठी लोकांकडून प्रत्येकी ५०० रुपयांची मदत मागितली गेली. २७ फेब्रुवारी २०१० रोजी ठाण्यात गीताचं प्रकाशन झालं.

शब्दांची बांधणीही साथ देते. भट मूळचे गझलकार. जवळपास प्रत्येक ओळ 'मराठी' या शब्दावर येऊन थांबते, त्यामुळे गाणं न शिकलेल्यालाही कोरसमध्ये सूर मिसळता येतो.

स्वागत कसं झालं?

समीक्षकांच्या निवाड्याची कुणी वाट पाहिली नाही. गाणं शाळांच्या स्नेहसंमेलनांत, मोबाइलच्या रिंगटोनवर आणि परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांत पोहोचलं. 'बाजार नाही' या म्हणण्याला मिळालेलं ते उत्तर होतं.

मग वाद कशाचा?

शेवटच्या कडव्याचा. आधीच्या कडव्यांत मराठी घरात, रानात, पिकात, नदीत दिसते. शेवटी सूर बदलतो. पाहुण्यांना जेवू घालणाऱ्या या भाषेचे स्वतःच्या घरात हाल होतात, असं भट सुनावतात आणि माजलेल्या सत्तेला इशारा देतात. २०२३ च्या भाषा गौरव दिनी विधिमंडळात गीत गायलं गेलं, तेव्हा नेमकं हेच कडवं गाळलं गेलं. तत्कालीन विरोधी पक्षनेते अजित पवार यांनी सभागृहात आक्षेप घेतला. इनामदार यांनीही नाराजी व्यक्त केली.

आज त्याचं काय?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. 'लीळाचरित्र' जिथे लिहिलं गेलं, त्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आलं. म्हणजे अभिमानाची कडवी खरी होताहेत. पण वर्षातून एक दिवस हे गाणं लावायचं आणि पोरांच्या मराठी शाळेकडे पाठ फिरवायची, हे चालू आहे तोवर शेवटचं कडवं गाळून चालणार नाही. भटांचा खरा प्रश्न तिथेच आहे.