गेम बॉय

गेम बॉय हे निन्टेन्डो या जपानी कंपनीचे, हातात धरून खेळावयाचे व्हिडिओ गेम यंत्र होय. ते २१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये १२,५०० येन किमतीस विक्रीस आले व त्याच वर्षी अमेरिकेत ८९.९९ डॉलरला मिळू लागले. गुनपेई योकोई यांच्या नेतृत्वाखालील विभागाने त्याची रचना केली.

यंत्रात ८-बिट प्रोसेसर होता. पडदा १६० × १४४ बिंदूंचा असून त्यावर हिरवट रंगाच्या चारच छटा दिसत. पडद्यामागे दिवा नसल्याने अंधारात खेळणे अशक्य असे. ही उणीव जाणूनबुजून पत्करलेली होती. रंगीत, प्रकाशित पडद्याला वीज फार लागते; तो टाळल्यामुळे चार पेन्सिल सेलवर यंत्र सुमारे १५ तास चाले. अटारी लिंक्स (१९८९) व सेगा गेम गिअर (१९९०) या प्रतिस्पर्धी यंत्रांचे पडदे रंगीत होते. पण त्यांना सहा सेल लागत आणि ते साधारणतः तीन ते पाच तासांत संपत. लिंक्सची अमेरिकेतील किंमतही जवळपास दुप्पट होती. खेळणारी मुले असली, तरी सेलचा खर्च पालकांच्या खिशातून जाई, हे येथे विसरून चालणार नाही.

स्वस्त झालेले व गुणदोष पुरते ठाऊक असलेले जुने तंत्रज्ञान वेगळ्या रीतीने वापरावे, असे योकोई यांचे मत होते. अमेरिकेत यंत्रासोबत टेट्रिस हा खेळ दिला जाई. त्यातील ठोकळे आकारावरून ओळखता येत, रंगाची गरज नसे.

१९९८ मधील गेम बॉय कलर धरून या यंत्रांची विक्री ११ कोटी ८६ लाखांहून अधिक झाली. कलरचा पडदा रंगीत होता. दिवा मात्र त्यामागेही नव्हता.