हिशेबनीस निवडतांना

दुकानाची जागा घेतांना आपण चार ठिकाणीं चौकशी करतों. परंतु आपली सारी मिळकत ज्याच्या डोळ्यांखालून जाते, त्या हिशेबनिसाची निवड मात्र बहुधा शेजाऱ्याच्या एका शब्दावर होते. देवणीसारख्या तालुक्याच्या गांवीं तर ‘तो आपल्याच माणसांतला आहे’ एवढें म्हटलें कीं विषय संपला!

प्रथम माणसामाणसांतला भेद ओळखावा. रोजकीर्द-खतावणी लिहिणारा मुनीम निराळा, विवरणपत्रें भरणारा करसल्लागार निराळा, आणि हिशेब तपासून सही करणारा सनदी लेखापाल निराळा. या शेवटच्या वर्गाची संस्था १९४९ च्या कायद्यानें स्थापन झाली. लहान दुकानदाराला सनदी लेखापाल रोज लागत नाहीं. उगाच मोठ्या पाटीला भुलूं नये. परंतु बँकेनें कर्जासाठीं त्याची सही मागितली, तर दाखल्यावरील अठरा अक्षर-अंकांचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळून पाहावा. ही सोय सर्वांस खुली आहे.

आतां खरी परीक्षा. देवणीच्या गाईबैलांचें नांव दूरवर आहे, आणि जिवंत गुरांच्या विक्रीवर वस्तु व सेवा कर नाहीं. पण त्याच बाजाराशेजारीं सिमेंट व पत्रे विकणाऱ्याची गोष्ट वेगळी. वर्षाची उलाढाल चाळीस लाखांच्या आंत असली तर सामान्यतः नोंदणी लागत नाहीं, हें तो ऐकून असतो. मात्र कर्नाटकाची हद्द येथून जवळ! त्यानें भालकीच्या गिऱ्हाइकाकडे स्वतः माल पोंचविला, तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी सक्तीची होते. आणि ठोक दरानें कर भरण्याची सवलत घेतलेल्या व्यापाऱ्यास तर परराज्यांत माल विकतांच येत नाहीं. ‘तुमचा माल हद्दीपलीकडे जातो काय?’ हा प्रश्न जो पहिल्या भेटींतच विचारतो, त्याच्याकडे काम द्यावयास माझी हरकत नाहीं. जो नुसता ‘चिंता करूं नका, मी पाहतों’ म्हणतो, त्याची मात्र चिंता करावी.

कारण चूक हिशेबनिसाची असली तरी नोटीस दुकानदाराच्या नांवें येते. मासिक विवरणपत्रास उशीर झाला तर दिवसाला पन्नास रुपये विलंबशुल्क, निरंक असल्यास वीस. थकलेल्या करावर सालीना अठरा टक्के व्याज निराळें. म्हणून सरकारी खात्याशीं जोडलेला फोन-क्रमांक आपलाच असावा. पुष्कळ ठिकाणीं तो हिशेबनिसाचा असतो, आणि धन्याला नोटिशीची वार्ता वर्षानें लागते. कराची रक्कम त्याच्या हातीं रोख देऊं नये. चलन आपल्या खात्यांतून भरावें, पावती घरीं ठेवावी.

‘परतावा मिळवून देतों, त्यांत माझे इतके टक्के’ असें कोणी म्हणालें, तर चहा पाजून त्याला निरोप द्यावा. सनदी लेखापालांस तर असा टक्केवारीचा मेहनताना सामान्यतः निषिद्धच आहे.

मेहनताना ठरवितांनाच, काम सोडल्यास वह्या व दप्तर किती दिवसांत परत मिळेल, हेंही लिहून घ्यावें. ओळखीच्या माणसाकडून लिहून घेणें जड वाटतें खरें. पण नव्या हिशेबनिसाकडे जातांना मागील सालच्या वह्या जुन्याच्या कपाटांत अडकल्या, तर तीच ओळख अधिक जड होते.