एकदाच घ्यावयाचे स्नान

वाँटेज, इंग्लंड



इकडील जुन्या चर्चांत बाप्तिस्म्याचे पाषाणपात्र बहुधा दरवाजानजीक असते, कारण ख्रिस्ती समाजात प्रवेश होतो तो याच पाण्यातून. 1538 साली प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्म्याची नोंदवही ठेवावी असा हुकूम सुटला, आणि सरकारी जन्मनोंदणी 1837 मध्ये सुरू होईपर्यंत बहुतेक इंग्रजांच्या जन्माला तेच दप्तर दाखला होते.

‘बाप्तिस्मा’ या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ बुडविणे. यहुदी लोकांत शुद्धीसाठी स्नान करण्याचा परिपाठ होताच; योहानाने यार्देन नदीत पश्चात्तापाचा बाप्तिस्मा देण्यास आरंभ केला, आणि येशूनेही तो त्याच्याच हातून घेतला. पर्वणीस गोदावरीत बुडी मारणारा आपला यात्रेकरू आपण होऊन बुडतो व पुढल्या पर्वणीस पुन्हा येतो. बाप्तिस्मा मात्र दुसऱ्याच्या हातून आणि जन्मात एकदाच घ्यावयाचा, कारण प्रेषित पौलाने त्यात ख्रिस्ताबरोबर मरणे व पुन्हा उठणे पाहिले, आणि मरण काही दोनदा येत नाही.

येथे वाँटेजच्या बाजारचौकात आल्फ्रेड राजाचा पुतळा आहे. 878 साली त्याने डेन लोकांचा पराभव केल्यावर त्यांचा राजा गुथ्रम याने बाप्तिस्मा घेतला व आल्फ्रेड त्याचा धर्मपिता झाला; पण ते तहाचे एक कलम होते. त्यानंतर हजार वर्षांनी, 29 सप्टेंबर 1883 रोजी, याच गावी पंडिता रमाबाईंनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला, तेव्हा समोर तहनामा नव्हता. आणि येथील ज्या ख्रिस्ती भगिनींच्या मठाने त्यांना आश्रय दिला, त्यांच्याशीही धर्मतत्त्वांविषयी पत्रांतून निर्भयपणे वाद घालण्यास ही विदुषी पुढे कचरली नाही.

आपल्या नगर जिल्ह्यात अमेरिकन मिशन 1831 साली आले, आणि 1895 साली बाप्तिस्मा घेणारे कवी नारायण वामन टिळक तर आपल्याच नगरला राहिले. तरी बाप्तिस्मा घेतलेल्या मनुष्याविषयी आपल्या तोंडी ‘बाटला’ हाच शब्द येतो. ज्या संस्काराचा आशय धुऊन निघणे, त्यालाच आपण विटाळाचे नाव दिले! तलवारीच्या धाकाने पाण्यात उतरलेल्यास तो शब्द लागू पडत असेल तर पडो. जी बाई शास्त्रे पढून, स्वतःच्या विवेकास साक्षी ठेवून उतरली, तिच्यासाठी तो आपण टाकून द्यावा, एवढेच या चौकात उभे असता मनापासून वाटते.