जुन्या मोटारीची चंदेरी पट्टी : घासण्यापूर्वी समजून घ्यावे असे काही

कुवेतमध्ये जुन्या मोटारींचा हंगाम नोव्हेंबरपासून मार्चपर्यंतचा. उन्हाळाभर आच्छादनाखाली झाकून ठेवलेल्या गाड्या या दिवसांत रस्त्यावर येतात आणि शुवैख औद्योगिक भागातील गॅरेजांत इंजिन, रंग, गाद्या यांची कामे निघतात. मोटारीच्या कडेने धावणाऱ्या चंदेरी पट्ट्या, दर्शनी जाळी आणि काचांभोवतीच्या चौकटी यांच्याकडे मात्र सर्वांत शेवटी लक्ष जाते. त्या निस्तेज झाल्या असतील तर पॉलिशचा डबा आणि फडके घेऊन घासणे हाच सोपा उपाय वाटतो. भरून न निघणारे नुकसान बहुधा याच टप्प्यावर होते.

या पट्ट्यांना सरसकट ‘क्रोम’ म्हणण्याची सवय आहे. वास्तविक 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकी मोटारींच्या सजावटीत ॲल्युमिनियमचा वापर झपाट्याने वाढला. 1957 च्या शेवरोले बेल एअरच्या मागील पंखांवरचा चंदेरी पत्रा आणि त्याच काळातील प्लिमथ फ्युरीवरची सोनेरी पट्टी ही त्याची ठळक उदाहरणे. कुवेतमधून तेलाची निर्यात 1946 मध्ये सुरू झाली आणि त्यानंतरच्या सुबत्तेच्या दशकांत अशा अमेरिकी गाड्या येथील रस्त्यांवर आल्या. ऑगस्ट 1990 ते फेब्रुवारी 1991 या इराकी ताब्याच्या काळात असंख्य वाहने लुटली गेली वा नष्ट झाली. त्यातून वाचलेल्या गाडीवरची मूळ पट्टी म्हणूनच मोलाची ठरते. लोकप्रिय मॉडेलांसाठी नव्याने घडवलेले भाग मिळतात. इतर गाड्यांच्या बाबतीत, हाती आहे तेवढीच पट्टी.

ॲल्युमिनियमचा स्वभाव मराठी घरांना जुन्या ‘जर्मनच्या’ भांड्यांमुळे परिचित आहे. पितळेचे भांडे चिंचेने लख्ख होते. जर्मनचे पातेले धुण्याच्या सोड्याने मात्र काळवंडते. कारण या धातूचे रक्षण त्याच्या पृष्ठभागावरील ऑक्साइडचा थर करतो आणि अल्कली नेमका तोच थर विरघळवते. हवेत आपोआप तयार होणारा थर अवघ्या काही नॅनोमीटर जाडीचा असतो. मोटारीच्या पट्टीसाठी तो पुरत नाही. म्हणून पट्टी आम्लाच्या द्रावणात बुडवून, तिच्यातून वीजप्रवाह सोडून, धातूच्याच पृष्ठभागातून काही मायक्रॉन जाडीचा कठीण, पारदर्शक थर वाढवला जातो. हेच ॲनोडायझिंग. सोनेरी छटा हवी असल्यास या थराच्या सूक्ष्म छिद्रांत रंग मुरवतात आणि शेवटी उकळत्या पाण्यात ती छिद्रे बंद करतात. चमक धातूची असते. ती टिकवण्याचे काम या थराचे असते.

यावरून पहिला नियम निघतो : थर शाबूत असेल तर पट्टी केवळ धुवावी. सौम्य साबण, भरपूर स्वच्छ पाणी, मऊ कापड आणि वर मेणाचा हात एवढे पुरेसे आहे. थराला खड्डे पडले असतील, तो ढगाळ झाला असेल किंवा जागोजागी निघाला असेल, तरच पुढच्या कामाला हात घालावा.

प्रथम धातू ओळखावा. लोहचुंबक चिकटला तर पट्टी ॲल्युमिनियमची नाही. मात्र चिकटला नाही म्हणून ती ॲल्युमिनियमचीच असेल असेही नाही. स्टेनलेस स्टीलचे काही प्रकार चुंबकाला दाद देत नाहीत. अशा वेळी वजन पाहावे. ॲल्युमिनियम लक्षणीय हलके असते. थर आहे की नाही हे मल्टिमीटर सांगतो. त्याची टोके पृष्ठभागावर हलकेच टेकवावीत. वीज वाहिली नाही तर थर आहे, कारण ऑक्साइड वीजरोधक असतो. मात्र वरून वार्निश मारलेले असेल तर तेही वीज अडवते. ते आधी काढावे. पुण्या-मुंबईच्या घरी जपून ठेवलेल्या गाडीलाही हीच परीक्षा लागू पडते.

पट्टी गाडीवरून उतरवल्याशिवाय पुढचे काम करू नये. जुना थर काढण्यासाठी कॉस्टिक सोड्याचे सौम्य द्रावण वापरतात. सोडा नेहमी पाण्यात घालावा, सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. या क्रियेत हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जागा उघडी हवी आणि जवळपास ठिणगी नको. डोळ्यांवर चष्मा व हातांत रबरी मोजे अनिवार्य आहेत. थर विरघळला की सोडा थेट धातूच खाऊ लागतो. त्यामुळे पट्टी मिनिटामिनिटाला पाहावी. मागे उरणारी काळी साय नत्राम्लाने काढतात. हे दोन्ही टप्पे अनुभवी कारागिराकडे सोपवणेच शहाणपणाचे.

त्यानंतर पोचे काढायचे. पट्टी लाकडी ठोकळ्यावर पालथी ठेवून मागच्या बाजूने लहान हातोडीने हलके ठोके देतात, उंचवटे कानशीने उतरवतात. मग 400 पासून 2000 क्रमांकापर्यंत वॉटर पेपर क्रमाने फिरवायचे. आधीच्या कागदाचा ओरखडा पूर्ण गेल्याखेरीज पुढचा हाती घ्यायचा नाही. शेवटी कापडी चाकावर आधी कापणारा आणि मग उजळवणारा मसाला लावून पॉलिश करतात. फिरते चाक पातळ पट्टीची कड पकडून ती क्षणात मुडपते. म्हणून पट्टी लाकडी आधारावर बांधावी आणि चाक कडेकडून आत नव्हे, तर आतून कडेबाहेर जाईल असे धरावे.

येथे पट्टी आरशासारखी दिसते आणि अनेक जण येथेच थांबतात. परंतु ती आता उघडी पडलेली असते. कुवेतच्या किनारी हवेतील क्षार आणि वाळवंटी धूळ तिला लवकरच निस्तेज करतात. पारदर्शक लॅकर हा एक पर्याय आहे. मात्र गुळगुळीत ॲल्युमिनियमवर त्याची पकड कच्ची असते आणि तीव्र उन्हात तो पिवळतो वा सोलला जातो. मेण लावायचे तर ते सतत लावत राहावे लागते. टिकाऊ उपाय एकच, पुन्हा ॲनोडायझिंग.

त्यासाठी कारागिराला तीन गोष्टी आधी सांगाव्यात. दारे-खिडक्यांचे काम करणारे कारखाने ॲल्युमिनियमला मंद झळाळी यावी म्हणून ते आधी सोड्यात खरवडतात. तसे झाल्यास आरशाची चमक जाते. पट्टीवर कोठे वेल्डिंग केले असेल तर तेही सांगावे, कारण भरणाच्या धातूत सिलिकॉन अधिक असल्यास ती जागा काळपट उठते. आणि आम्लाच्या टाकीचे तापमान विचारावे. ते साधारण 20 अंश सेल्सियसच्या आसपास राखावे लागते. द्रावण तापले तर थर मऊ आणि भुसभुशीत होतो. 21 जुलै 2016 रोजी मित्रिबा येथे 53.9 अंशांची नोंद झालेल्या देशात शीतकरणाची सोय नसलेली टाकी भरवशाची नव्हे.

पट्टी परत बसवताना लोखंडी क्लिपा थेट ॲल्युमिनियमला लागू देऊ नयेत. दोन धातूंमध्ये ओलावा आणि क्षार साचले की ॲल्युमिनियम झिजते. बागेसाठी पुरवले जाणारे मचूळ पाणी गाडी धुण्यास वापरू नये. धुळीच्या वादळानंतर कोरडे फडके फिरवणे म्हणजे वाळूने घासणेच. चाकांसाठीचे तीव्र क्लीनर पट्टीपासून दूर ठेवावेत.

किंचित फिकट, पण शाबूत थर असलेली साठ वर्षांपूर्वीची पट्टी ही कारखान्याच्या मूळ कामाचा पुरावा असते. पॉलिश कधीही करता येते. मूळ थर मात्र एकदाच मिळालेला असतो.