सत्तर मिलीचा कप

शेजारच्या आठवीतल्या मुलाला हृदयाच्या आकृतीला पाचपैकी पाच गुण मिळाले. अलिंद, निलय, महारोहिणी, झडपा, सगळी नावं नीट ओळीत. लाल आणि निळा रंग कुठेही रेघेबाहेर गेलेला नाही. मी सहज म्हटलं, "तुझं हृदय कुठे धडधडतंय, दाखव बरं." त्याचा हात छातीवर इकडेतिकडे फिरत राहिला. मनगटावर नाडीही त्याला सापडली नाही. "आणि हे निळं रक्त?" असं विचारलं, तर त्यानं मनगटावरच्या निळसर शिरेवर बोट ठेवलं. त्या पाच गुणांनी मला स्वस्थ बसू दिलं नाही. माण तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत रक्ताभिसरणाचा धडा दोन दिवस चालतो, असं कानावर आलं होतं. तिथल्या विज्ञानाच्या बाईंना फोन केला आणि गेले.

पहिल्या दिवशी पुस्तक उघडलंच नाही. वर्गाच्या मधोमध एक मोठी परात, परातीत दोन बादल्या, एकीत मोजून पाच लिटर पाणी. शेजारी चहाच्या टपरीवरचा कागदी कप, त्यावर सत्तर मिलीला बॉलपेननं मारलेली रेघ. मोठ्या माणसाचं हृदय एका ठोक्याला साधारण सत्तर मिली रक्त पुढे ढकलतं. मिनिटाला ठोके बहात्तर धरा. गुणाकार मुलांनीच केला: ५०४०. म्हणजे मिनिटाला पाच लिटर. "तर मग एका मिनिटात हे पाणी या बादलीतून त्या बादलीत," बाई म्हणाल्या, "सत्तर मिलीच्या कपानं. कोण हृदय होतंय?"

पहिला मुलगा दणकट होता. एकेचाळीस कपांवर मिनिट संपलं. दुसरा घाईत सांडायला लागला, तसा सगळा वर्ग कळवळला, "सांडू नको रं!" या गावात पाणी सांडलेलं कुणाला बघवत नाही, परात त्यासाठीच होती. प्रत्येकाच्या पाळीनंतर दुसऱ्या बादलीतलं आणि परातीतलं पाणी पुन्हा पहिल्या बादलीत ओतलं जायचं. बहात्तर कप कुणालाच जमले नाहीत. जी मुलगी पासष्टपर्यंत पोचली, ती मनगट चोळत खाली बसली आणि म्हणाली, "बाई, झोपल्यावर बी चालू असतं व्हय हे?"

त्या प्रश्नानंतर मुलांचे हात आपोआप आपल्या छातीकडे गेले. मी ते पाहिलं. कुणी सांगितलं नव्हतं.

मागच्या बाकावरच्या एकानं तोवर दिवसाचा हिशेब मांडला होता. सात हजार दोनशे लिटरच्या वर. "बाई, दीड टँकर!" उन्हाळ्यात त्याच्या वस्तीवर पाच हजार लिटरचा टँकर येतो, त्या मापानं. वर्ग गप्प झाला. सत्तर मिलीच्या कपाला आता वजन आलं होतं.

"मग एवढं रक्त येतं कुठून?" बाईंनी विचारलं.

"जेवणातून," चारपाच जण एकदम म्हणाले.

मी चमकले. दुसऱ्या शतकातल्या गॅलन या वैद्याचं उत्तर नेमकं हेच होतं: खाल्लेल्या अन्नाचं यकृतात रक्त होतं आणि शरीर ते वापरून टाकतं. युरोपातली वैद्यकविद्या जवळजवळ चौदाशे वर्षं त्यावर चालली. चुकीचं असलं तरी ते विचार करून दिलेलं उत्तर आहे, आणि बाईंनी त्याला तो मान दिला. 'चूक' हा शब्द त्यांनी काढला नाही. एवढंच विचारलं, "मग दिवसाला दीड टँकर रक्त व्हायचं तर किती भाकरी खाव्या लागतील?" हसू उसळलं, आणि ते ओसरेपर्यंत पुढच्या बाकावरचा एक बारका मुलगा बादल्यांकडे टक लावून बसला होता. "पाणी पाचच लिटर हाय की," तो हळू आवाजात म्हणाला. "सकाळपासनं तेच फिरतंय."

विल्यम हार्वे या वैद्यानं १६२८ साली छापलेल्या पुस्तकात असाच गुणाकार केला होता. ठोक्याला थोडंसंच रक्त धरलं, तरी अर्ध्या तासात हृदयातून जाणारं रक्त सगळ्या शरीरातल्या रक्तापेक्षा जास्त भरतं. तेव्हा तेच परत येत असलं पाहिजे. जिथे प्यायच्या पाण्याचा थेंब न् थेंब मोजला जातो, तिथल्या मुलाला हे सुचलं याचं मला नवल वाटलं नाही. आनंद मात्र फार झाला.

परत येतं हे दाखवायला बाईंनी खिचडी शिजवणाऱ्या मावशींना बोलावलं. कष्टानं त्यांच्या हातावरच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या आहेत. मनगटाजवळ शिरेवर एक बोट दाबून धरायचं, दुसऱ्या बोटानं तिथून कोपराकडे रक्त सारत न्यायचं आणि ते बोट उचलायचं. शीर रिकामीच राहते. वरचं रक्त खाली उतरत नाही, झडप अडवते. मनगटाजवळचं बोट सोडलं की खालून भरते. हार्वेच्या पुस्तकातल्या चित्रांत हाच प्रयोग आहे. मावशी लाजून हसत होत्या. मुलं पाळीपाळीनं त्यांचा हात हातात घेत होती.

फळ्यावर बाईंनी रोहिणी लाल खडूनं काढली आणि नीला मरून खडूनं. निळा खडू खोक्यातच राहिला. रक्त कुठेच निळं नसतं, परतीच्या वाटेवर ते फक्त गडद होतं. रोहिणी आणि नीला यांच्यामध्ये त्यांनी मोकळी जागा सोडली. हार्वेलाही तिथलं काही दिसलं नव्हतं. तो १६५७ साली वारला, आणि १६६१ साली माल्पिगी या शास्त्रज्ञानं बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या पाहिल्या. ती जागा दुसऱ्या दिवशीपर्यंत तशीच मोकळी होती. मला ती फार आवडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंबरोबर मटणाच्या दुकानात गेले. "काळीज द्यायचं का?" मीच पुढे होऊन विचारलं. दुकानदारानं कलेजी उचलली. "ही नाही," बाई म्हणाल्या, "दिल. आणि वरच्या नळ्या ठेवा." आपल्या भाषेत काळजाचा ठोका चुकतो, काळजाला घरं पडतात, मूल काळजाचा तुकडा असतं, पण दुकानात काळीज मागितलं की हातात यकृत येतं. गॅलन तिथे तराजूशेजारीच उभा असल्यासारखा वाटला.

वर्गात डेटॉलचा, कच्च्या मांसाचा आणि व्हरांड्यात रटरटणाऱ्या खिचडीचा वास एकत्र झाला होता. बाईंनी बोकडाचं हृदय उभं चिरलं. डाव्या निलयाची भिंत जाड, उजव्याची त्या मानानं पातळ. "असं का?" "डाव्याला लांब ढकलायचंय," उत्तर लगेच आलं, कारण मनगटं कालची दुखत होती. झडपांना बांधलेले पांढरे दोरे एका मुलानं काडीनं उचलून पाहिले. दुसऱ्या, न चिरलेल्या हृदयाच्या महारोहिणीत बाईंनी कपानं पाणी ओतलं. ते आत गेलं नाही, झडपेवर तुंबून राहिलं. मुलं ओणवून बघत होती, बराच वेळ.

एक मुलगी मात्र व्हरांड्यात होती. गळ्यात तुळशीची माळ, घर वारकरी. बाईंनी तिला आत बसायचा आग्रह केला नव्हता आणि धड्यातून सोडलंही नव्हतं. तिच्या हातात नरसाळं आणि त्याला बसवलेली रबरी नळी दिली होती. लेनेक या डॉक्टरनं १८१६ साली पॅरिसमध्ये कागदाची सुरळी करून रुग्ण स्त्रीच्या छातीला लावली, तिथून स्टेथोस्कोप सुरू झाला. हे नरसाळं त्याच्याच जातीचं. तिनं आधी स्वतःच्या छातीचे ठोके ऐकले. मग माझे. ऐकताना ती डोळे मिटून घ्यायची. आतला सगळा वर्ग एका थांबलेल्या हृदयाभोवती जमला होता, आणि माझं लक्ष पुन्हा पुन्हा बाहेर जात होतं.

खिचडी उतरवून मावशी पदरानं घाम पुसत होत्या. मुलगी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. मावशींनी पळी खाली ठेवली. नरसाळं लावून तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि पूर्ण एक मिनिट ओठ हलवत मोजलं.

"किती?"

"अठ्ठ्याण्णव."

"लई हाय व्हय गं?"

"तू आत्ता पातेलं उचललंस न्हवं," ती म्हणाली. नरसाळं तिनं काढलं नाही. "बस जरा. परत मोजते."