पिंपळगाव राजा ते सिंदखेड राजा : घाटाखालून घाटावर

बुलढाणा जिल्ह्यातील माणसाला त्याचा ठावठिकाणा विचारला, तर गावाचे नाव सांगण्यापूर्वी तो बहुधा एवढेच सांगतो, की आपण घाटाखालचे किंवा घाटावरचे. अजिंठ्याच्या डोंगररांगेने या जिल्ह्याचे असे दोन भाग पाडले आहेत : उत्तरेस पूर्णेचे काळ्या मातीचे सपाट खोरे, ज्याला जुन्या दप्तरांत पायनघाट म्हणत, आणि दक्षिणेस पैनगंगेच्या उगमाकडचा उंचसखल माळ, म्हणजे बालाघाट. पिंपळगाव राजा हे घाटाखालचे गाव. अजिंठ्याच्या रांगेतून उतरून पूर्णेला मिळावयास निघालेल्या ज्ञानगंगेच्या काठी ते वसले आहे. आज पोलीस ठाण्याचे, बाजारपेठेचे आणि कापूस-सोयाबीनच्या भावाची रोज चौकशी करणारे गाव, एवढीच त्याची ओळख बाहेरच्या माणसाला पटकन पटेल. परंतु ज्याला वऱ्हाडचा इतिहास पुस्तकात न वाचता रस्त्याने जाऊन पाहावयाचा आहे, त्याने प्रस्थान ठेवण्यास याहून सोयीचे ठिकाण मला तरी ठाऊक नाही.

गावाची पूर्वपीठिका थोडक्यात सांगण्याजोगी आहे. कोणा अहीर राजाने ते वसविले, अशी आख्यायिका जुन्या गॅझेटियरांनी नोंदविली आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस महादजी शिंद्यांची फौज पुण्याकडे जात असता तिने येथून जबर खंडणी घेतली आणि गाव जे खालावले ते पुरते सावरले नाही, असेही त्यांत म्हटले आहे. पूर्वी ते मलकापूर तालुक्यात मोडत असे, आता खामगाव तालुक्यात मोडते. आणि खामगाव तालुका स्वतःच १९०५ साली अकोल्याकडून बुलढाणा जिल्ह्यात आला, तेव्हा सरकारी कागदांवरच्या सीमारेषांना इतिहासाने फारसा मान देण्याचे कारण नाही. फौजांनी तर तो कधीच दिला नाही. बुऱ्हाणपूर आणि दौलताबाद या दोन मातबर शहरांच्या मधला हा मुलूख. उत्तरेतून दख्खनेत उतरणाऱ्याला आणि दख्खनेतून उत्तरेकडे धाव घेणाऱ्याला याच घाटांच्या तोंडाशी यावे लागे. पश्चिम महाराष्ट्रात इतिहास म्हटला की दृष्टी आपोआप डोंगरमाथ्याकडे वळते. वऱ्हाडातही उत्तरेच्या सातपुड्यात नरनाळा आणि गाविलगड आहेत. परंतु या जिल्ह्यातला इतिहास माथ्यावर चढून बसलेला नाही, तो रस्त्याच्या कडेला, घाटाच्या पायथ्याशी आणि बारवेच्या पायऱ्यांवर आहे. मोटारीने फिरणाऱ्या उतारवयाच्या जोडप्याला ही गोष्ट अर्थातच सोयीची.

आम्ही उभयता या रस्त्याने निघालो त्याला आणखी एक घरगुती कारण होते. मी घाटाखालचा आणि सौभाग्यवतींचे माहेर घाटावर, चिखलीकडचे. त्यामुळे ही वाट आमच्या संसारात पुष्कळ वेळा तुडविली गेली होती, परंतु दरवेळी लग्न, बारसे किंवा दिवाळसण यांपैकी काहीतरी पुढे वाट पाहत असल्याने मध्ये कोठे थांबण्याची सवड म्हणून मिळाली नव्हती. या खेपेस पुढे कोणीही वाट पाहत नव्हते.

पिंपळगाव राजाहून मोताळ्याच्या बाजूने निघून रोहिणखेडला आधी जावे. बालाघाटाच्या अगदी पायथ्याशी असलेल्या या गावी दोन मोठ्या लढाया झाल्या, हे आज गावात शिरताना कोणाच्या मनातही येणार नाही. पहिली १४३७ ची. बहमनी सुलतान अल्लाउद्दीन याला दिलेल्या आपल्या मुलीचा सासरी छळ होतो, या कारणाने खानदेशचा सुलतान नसीरखान फारुकी वऱ्हाडवर चालून आला. दौलताबादचा सुभेदार खलफ हसन बसरी याने त्याला रोहिणखेडला गाठले, त्याच्या फौजेची दाणादाण उडविली, आणि पाठलाग करीत थेट बुऱ्हाणपूर लुटले. लेकीच्या गाऱ्हाण्यावरून दोन राज्यांचे सैन्य या शिवारात आले, हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी विचारलेला प्रश्न इतिहासकारांनी विचारलेला माझ्या पाहण्यात नाही : “अहो, पण मग त्या पोरीचे पुढे काय झाले?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. बखरकारांना आणि तवारीख लिहिणाऱ्यांना पराभवाची तारीख लागते; सासरी राहिलेल्या मुलीची हकीकत त्यांच्या कामाची नसते.

दुसरी लढाई त्यानंतर दीडशे वर्षांनी झाली. अहमदनगरच्या निजामशाहीत जमालखान नावाच्या महदवी पंथाच्या सरदाराने इस्माईल या अल्पवयीन राजपुत्राला तख्तावर बसवून सारा कारभार आपल्या हाती घेतला होता. इस्माईलचा बाप बुऱ्हाण हाच तख्तावर हक्क सांगत खानदेशच्या राजा अलीखानाची कुमक घेऊन आला. बापलेकांच्या नावाने झालेल्या या लढाईत जमालखान रोहिणखेडच्या रणात पडला, मुलगा बापाच्या हाती सापडला, आणि अहमदनगरच्या दरबारातील महदव्यांची सद्दी संपली. या प्रकरणातली खरी गोम मात्र लढाईत नाही, गावातल्या मशिदीत आहे. ही मशीद १५८२ साली खुदावंदखान महदवी याने बांधली, आणि हा खुदावंदखान त्याच जमालखानाचा अनुयायी. म्हणजे ज्या गावी शिष्याने देवाचे घर बांधले, त्याच गावी दहा वर्षांच्या आत त्याचा नेता मारला गेला.

मशीद लहान आहे; दिल्ली-विजापूरच्या भव्यतेची सवय झालेल्या डोळ्यांना ती प्रथमदर्शनी किरकोळही वाटेल. परंतु जवळ जाऊन उभे राहिले म्हणजे आपला काळा बसाल्ट, जो एरवी कोयत्याला धार लावण्यापलीकडे कोणाचे ऐकत नाही असे आपण समजतो, त्याला येथल्या पाथरवटाने किती नम्र केले आहे ते दिसते. मी सवयीप्रमाणे फारसी शिलालेखाकडे वळलो होतो. “अहो, तारीख मागून वाचा, आधी हा दगड बघा,” असे म्हणून सौभाग्यवतींनी मला कमानीखाली ओढून नेले. त्यांचे बोट एका कोरीव कडेवरून फिरत होते. पातळ, सारख्या अंतराने कोरलेली, पावसाळ्यांनी थोडी बोथट केलेली ती कड बोटाला अजून लागत होती. असला सारखेपणा एका हाताने एकदा साधत नाही, तो पिढीजात असावा लागतो. पुढे सिंदखेडला गेल्यावर या बोटाची मला पुन्हा आठवण झाली, त्याचे कारण ओघाने येईल.

मोताळ्याहून राजूर घाट चढून बुलढाण्यास येताना हवा बदलते, झाडे बदलतात आणि सौभाग्यवतींच्या बोलण्याला माहेरचा हेल येतो. घाटाच्या पूर्वेस, खामगावच्या दिशेने, ज्ञानगंगा अभयारण्याचे रान पसरले आहे. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ च्या पावसाळ्यात निघालेला एक तरुण वाघ तेलंगणातील आणि मराठवाड्यातील शिवारे तुडवीत डिसेंबरात याच रानात येऊन पोहोचला होता. मार्गातल्या गावांची माहिती देण्याची त्याला सवय असती, तर हा लेख लिहिण्याचे मला कारण उरले नसते.

घाटावर चिखली मागे टाकून साखरखेर्ड्याला जाणे बहुतेक प्रवासी टाळतात, आणि तेथेच चुकतात. खुदावंदखानाने रोहिणखेडच्या आधी एक वर्ष, १५८१ साली, येथेही मशीद बांधली. दोन्ही मशिदी एकमेकींच्या सख्ख्या बहिणी शोभतात, एक घाटावर आणि एक घाटाखाली. या गावाच्या शिवारात ऑक्टोबर १७२४ मध्ये निजामुल्मुल्क आणि दिल्लीच्या बादशहाने त्याच्यावर धाडलेला मुबारिझखान यांची गाठ पडली. मुबारिझखान मारला गेला, निजाम दख्खनचा वस्तुतः स्वतंत्र धनी झाला, आणि हैदराबादचे जे राज्य १९४८ पर्यंत टिकले त्याचा पाया या ज्वारीच्या रानात घातला गेला. वऱ्हाड १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या हवाली झाला तो निजामाकडूनच; तेव्हा आमच्या आजापणजांनी कोणत्या सरकारात सारा भरावा, हेही एका अर्थी साखरखेर्ड्यालाच ठरले म्हणावयास हरकत नाही. विजयाच्या भरात निजामाने गावाला फतेहखेर्डा असे नाव दिले. गावकऱ्यांनी ते कागदापुरते मान्य केले आणि साखर काही सोडली नाही. पुढे १७५७ च्या डिसेंबरात विश्वासराव पेशवे आणि दत्ताजी शिंदे यांनी निजामाचा सरदार रामचंद्र जाधव याला सिंदखेडात कोंडले, त्याच्या मदतीस आलेल्या निजामअलीला जेरीस आणले, आणि पंचवीस लक्षांचा मुलूख व नळदुर्गचा किल्ला घेऊन जो तह झाला तोही याच गावी.

सिंदखेड राजाविषयी लिहिताना लेखणी आवरावी लागते. लखुजीराव जाधवांकडे सिंदखेडची देशमुखी होती. येथल्या वाड्यात १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म झाला, हे महाराष्ट्रातील शाळकरी मुलासही ठाऊक आहे. परंतु ज्या वाड्यात जन्म झाला त्याचे महाद्वार पाहून, खाली घडीव दगड आणि वर विटांचे काम, त्यावर नगारखाना, अशा त्या रचनेकडे मान वर करून पाहताना जे जाणवते ते शाळेच्या पुस्तकात सापडत नाही; ते असे, की हा एखाद्या सामान्य जमीनदाराचा वाडा नव्हे, स्वतःची फौज बाळगणाऱ्या आणि कोणत्याही तख्ताला आपली गरज भासेल इतकी ताकद राखणाऱ्या घराण्याचा हा दरारा आहे. रंगमहाल, नीलकंठेश्वराचे देऊळ आणि त्याच्यापुढची बारव, काळ्या कोटाच्या बेलाग भिंती, मोती तलाव हे सारे पाहण्यास एक दुपार अपुरीच. सौभाग्यवतींचा मुक्काम सर्वांत अधिक वेळ पुतळा बारवेत पडला. पायऱ्या उतरत गेले की भिंतीतल्या दगडी पुतळ्या दोन्ही अंगांनी सामोऱ्या येतात. कोणाचे नाक गेले आहे, कोणाचा हात, परंतु पाणी भरावयास येणाऱ्या बायांच्या रोजच्या वाटेवर एवढे शिल्प खर्ची घालणाऱ्या माणसाची रसिकता शाबूत आहे. “आमच्या घागरीसाठी कोणी एवढे केले नसते,” हा त्यांचा अभिप्राय मी निमूटपणे ऐकून घेतला.

आणि मग लखुजीरावांची छत्री. २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादला, भर दरबारात, निजामशहाच्या माणसांनी लखुजीराव, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांना ठार केले. एका घराण्याच्या तीन पिढ्या एका दिवसात गेल्या. त्यांची ही समाधी. उंच जोत्यावर उभी असलेली ही घुमटाची इमारत लांबून पाहणाऱ्याला एखाद्या सुलतानाचा मकबरा वाटेल, आणि आत शिरल्यावर कळते की येथे महादेव आहे. रोहिणखेडच्या कमानी आणि या कमानी यांच्यात पन्नासएक वर्षांचे अंतर आहे. करविते धनी वेगळे, त्यांचे देव वेगळे, आणि ज्यांच्या हातून त्यांना मरण आले ते हातही वेगळे. परंतु दगड घडविणारी दख्खनी परंपरा तीच आहे, हे ओळखण्यास पंडित असावे लागत नाही, कडेवरून बोट फिरविले तरी पुरते. धर्माधर्मांच्या हिशेबात इतिहास मांडणाऱ्या दोन्ही बाजूंच्या विद्वानांनी ही दोन स्थळे लागोपाठ पाहावीत, असे मला फार वाटले.

या छत्रीच्या परिसरात संवर्धनाचे काम चालू असता २०२४ साली पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या उत्खननात जमिनीखाली एका शिवमंदिराचा पाया लागला, आणि आणखी खोदल्यावर सुमारे सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची, पाय चुरणाऱ्या लक्ष्मीसह, पावणेदोन मीटरच्या आसपास लांबीची मूर्ती निघाली. जाधवांच्याही कित्येक शतके आधीची ही मूर्ती आहे. या भूमीला अशी सवय आहे. मेहकरला १८८८ साली जमिनीतून निघालेली शारंगधर बालाजीची सुमारे अकरा फूट उंचीची मूर्ती आज तेथे देवळात उभी आहे.

देऊळगाव राजाचा बालाजी आणि लोणारचे सरोवर ही दोन्ही ठिकाणे याच फेरीत जमतात. लोणारविषयी इतके लिहिले गेले आहे की मी भर घालत नाही. फक्त विवराच्या काठावरून पाणी पाहून परत फिरणाऱ्यांनी गावातले दैत्यसूदनाचे देऊळ पाहिल्यावाचून जाऊ नये, इतकेच सुचवितो.

फ्रान्समध्ये लुआर नदीच्या काठचे वाडे आणि चर्चे पाहत मोटारीने फिरणाऱ्या प्रवाशाला प्रत्येक फाट्यावर पाटी, नकाशा आणि चहाचे दुकान मिळते म्हणतात. आपल्याकडे चहाचे दुकान मिळते, आणि पत्ता विचारला तर दुकानदार गिऱ्हाईक सोडून अर्ध्या रस्त्यापर्यंत येऊन वाट दाखवितो, ही जमेची बाजू मी मुळीच कमी लेखत नाही. तरीही ज्यांच्या हाती हे काम आहे त्यांनी रोहिणखेडच्या आणि साखरखेर्ड्याच्या फाट्यांवर, येथे काय घडले ते दोन ओळींत सांगणारी मराठी पाटी उभारावी, अशी विनंती आहे. वाचकांना सांगणे एवढेच : दिवाळीनंतर, उन्हे कडक होण्यापूर्वी निघा, सिंदखेडला १२ जानेवारीला लाखोंच्या गर्दीत अवश्य जा, परंतु इमारती पाहावयाच्या असतील तर दुसरा कोणताही दिवस निवडा, आणि कोठून सुरुवात करावी असा प्रश्न पडला, तर पिंपळगाव राजाहून सकाळी लवकर निघून रोहिणखेडची मशीद प्रथम पाहा.